‘मी काय केलं? भाकऱ्याच भाजल्या!’

बचत गटातल्या ताया, माई, मावश्या, आणि भांडी घासता घासता कान इकडे लावून बसलेल्या सुनांनो, सगळ्यांना नमस्कार.

मी नवी मुंबईतल्या एका गावठाणातून बोलतेय. आमच्या गावाला आता चारी बाजूंनी इमारतींनी वेढलंय. पूर्वी इथे भातशेती होती, मिठागरं होती, खाडी होती. आता रस्ता ओलांडायला दहा मिनिटं थांबावं लागतं. आज मला तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगायची आहे. या बाईने नोकरी केली, मुलं वाढवली, स्वयंपाक केला, आणि हे सगळं करता करता ‘सामाजिक संशोधन’ केलं. त्यांचं नाव उर्मिला पवार. त्यांची गोष्ट सांगताना मधे थोडी माझी आणि आमच्या गटाचीही येईल. कारण त्यांची गोष्ट वाचली नसती तर आमच्या गटाने ती जाड वही विकत आणलीच नसती.

‘संशोधन’ म्हटलं की आपल्याला काय वाटतं? पांढरा कोट घातलेला कोणीतरी, काचेच्या नळ्या, नाहीतर मोठं विद्यापीठ. सामाजिक संशोधन म्हणजे माणसांबद्दलचं संशोधन. माणसं कशी जगली, का जगली, कुणाला काय मिळालं, कुणाला काय नाही मिळालं, हे विचारायचं, नीट ऐकायचं, लिहायचं आणि खरं आहे का ते पडताळायचं. आता सांगा, यातलं कोणतं काम आपल्याला येत नाही? विचारणं येतं. ऐकणंही येतं, जरा कमी येतं, पण येतं. लिहिणं गटातल्या एकीला तरी येतंच. पडताळणं तर आपण रोज करतो. रेशनवाल्याने माप बरोबर दिलं का, ते आपण बघतोच की नाही?

आधी माझी चूक सांगते. माझ्या सासूबाईंना खूप काही ठाऊक होतं. आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते. धवले म्हणणारी ती बाई. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ असतं. माझ्या सासूबाई काही धवलारीण नव्हत्या, पण धवलारणीच्या मागे बसून तिला साथ करायच्या. शिवाय गेलेल्या शेतांची नावं त्यांना पाठ होती. सातबारावरचे नंबर नव्हेत, बायकांनी ठेवलेली नावं. कोणत्या तुकड्यात पाणी साचतं, उघाडीतून खारं पाणी कुठे शिरतं, कोणत्या बांधावर चिंबोऱ्या मिळतात. मी रोज ऐकायची आणि ‘हो आई, हो आई’ म्हणत भाजी चिरायची. एकदाही कागद घेऊन बसले नाही. त्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ती सगळी शेतं दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा शहरासाठी गेली होती. दुसऱ्यांदा माझ्या आळसामुळे.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या मुलीने वाचनालयातून एक पुस्तक आणलं. कॉलेजात लागलं होतं म्हणे. पुस्तकाचं नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. लिहिणाऱ्या दोघी, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. नाव वाचूनच मी थबकले. त्यातला तो ‘ही’ बघा. ‘आम्ही इतिहास घडवला’ नाही, ‘आम्हीही’. म्हणजे तुम्ही आम्हाला मोजायला विसरलात, असं भांडण न करता सांगितलेलं आहे.

आता उर्मिलाताईंबद्दल सांगते.

त्यांचा जन्म १९४५चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या फणसवळे गावातला. घर तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातलं. वडील शिक्षक होते. मुलामुलींनी शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. पण उर्मिला लहान असतानाच वडील गेले. मागे आई आणि मुलं. आईने बांबूच्या काड्या काढून टोपल्या, सुपं, रोवळ्या विणायला घेतल्या. कोकणात या बांबूच्या विणलेल्या वस्तूंना ‘आयदान’ म्हणतात. आई विणायची, विकायची आणि त्यावर घर चालायचं. मुलांची शाळा मात्र तिने थांबवली नाही.

शाळेतही सगळं सुखाचं नव्हतं. या मुलीला शेण काढायला सांगितलं जायचं. एकदा मास्तरांनी मारलं, तेव्हा आई सरळ जाऊन जाब विचारून आली. ज्या बाईला वाचता येत नव्हतं, ती मास्तरांसमोर उभी राहिली. मैत्रिणींनो, आपल्यातल्या किती जणी अजूनही शाळेत जाताना दारातच थांबतात, साहेब काय म्हणतील म्हणून? १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर गावोगावची घरं बौद्ध झाली. उर्मिलाताईंचं घरही झालं. तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या.

पुढे लग्न झालं, मुंबईला आल्या, सार्वजनिक बांधकाम खात्यात सरकारी नोकरी केली. सकाळी डबे, मग गाडी, मग कचेरी, संध्याकाळी परत चूल. या सगळ्यात त्यांनी पुढचं शिक्षण घेतलं, मराठी विषयात एम.ए. झाल्या. गोष्टी लिहू लागल्या. १९८८ साली त्यांचा ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह आला. त्या काळात त्या मुंबईतल्या स्त्री चळवळीच्या बैठकांना जायच्या, आंबेडकरी चळवळीच्या सभांनाही जायच्या.

तिथे त्यांना एक प्रश्न पडला असणार, जो पुस्तकाच्या पानापानांतून दिसतो. स्त्री चळवळीच्या इतिहासात दलित बाई फारशी दिसत नाही. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात पुरुष नेत्यांची नावं भरपूर, बाई मात्र ‘आणि महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ एवढ्या एका ओळीत. मोठी संख्या म्हणजे कोण? त्यांची नावं काय? त्या घरून काय सांगून निघाल्या? लेकरू कुणाकडे ठेवलं? हे कुणी विचारलंच नव्हतं.

मीनाक्षी मून याही चळवळीतल्याच. त्यांचे पती वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे सरकारी खंड संपादित केले, त्यामुळे जुने कागद किती मोलाचे असतात हे त्या घराला चांगलं माहीत होतं. या दोघींनी ठरवलं, आपण शोधायचं. कोणती संस्था पाठवत नव्हती, कोणी साहेब नेमत नव्हता. एकीकडे जुनी वृत्तपत्रं, सभांचे वृत्तांत शोधायचे. दुसरीकडे ज्या बाया हयात आहेत त्यांच्या घरी जायचं, त्यांच्याशी बोलायचं. १९८९ साली मुंबईच्या स्त्री उवाच प्रकाशनाने ते पुस्तक काढलं. पहिल्या भागात चळवळीतल्या बायकांचा इतिहास आणि दुसऱ्या भागात एकेका बाईची स्वतःची हकिगत. वंदना सोनाळकर यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २००८ साली आलं. आता परदेशातल्या विद्यापीठांत मुलं ते वाचतात.

काय आहे त्या इतिहासात? थोडं सांगते, कारण हे आपल्या लेकींनाही सांगण्यासारखं आहे.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे शाळेत शिकवतात. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद झाली. तेव्हा बाबासाहेब खास बायकांशी बोलले. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसायचं, जाडजूड कथलाचे दागिने घालायचे, ही जातीची खूण म्हणून लादलेली होती. ती टाका, असं त्यांनी सांगितलं. आणि बायकांनी लगेच लुगडी घोट्यापर्यंत नेसायला घेतली. आज आपण म्हणू, लुगड्यात काय एवढं? पण गावात परत जाऊन तसं नेसून फिरायचं होतं. भाषण करणारे भाषण करून गेले. पाणवठ्यावर टोमणे खायला, कधी मार खायला, ती बाईच उभी होती.

१९३० साली मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या दिवशीच्या मिरवणुकीत सुमारे ५०० बाया होत्या. विचार करा, १९३० साल. 

१९४२ साली जुलै महिन्यात नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. तिथे ठराव काय झाले ते ऐका. बाईला घटस्फोटाचा हक्क मिळावा. एक बायको असताना दुसरी करायला बंदी असावी. गिरणीत, बिडी कारखान्यात, नगरपालिकेत, रेल्वेत काम करणाऱ्या बायकांना पगारी रजा मिळावी. १९४२ साली! आज आपण ज्या हक्कांना नवे म्हणतो, ते मोलमजुरी करणाऱ्या बायकांनी ८० वर्षांपूर्वी हात वर करून मागितले होते.

आणि जाईबाई चौधरी. नागपूरकडच्या. एकेकाळी डोक्यावर ओझी वाहून पोट भरणारी बाई. एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकल्या, शिक्षिका झाल्या. ही अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवणार म्हटल्यावर लोकांनी मुलं शाळेतून काढली. जाईबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी स्वतःची शाळा काढली, संत चोखामेळा कन्याशाळा.

मी हे वाचत होते आणि मला राग येत होता. पुस्तकाचा नव्हे, माझा. मी चाळिशी ओलांडली होती आणि यातलं एकही नाव मला ठाऊक नव्हतं. या दोघींनी त्या वेळी दार ठोठावलं नसतं तर काय झालं असतं? ज्या बायांच्या तोंडून त्यांनी ऐकलं, त्या तेव्हाच म्हाताऱ्या होत्या. दहा वर्षं उशीर झाला असता तर अर्धं पुस्तक कोरं राहिलं असतं. माझ्या सासूबाईंच्या शेतांसारखं.

मग मी गटाच्या बैठकीत विषय काढला. कर्जाचे हप्ते, व्याज, पापडाची ऑर्डर, सगळं झालं आणि मी म्हटलं, आपणही विचारूया का गावातल्या म्हाताऱ्यांना? एक जण म्हणाली, त्याने काय मिळणार? मी म्हटलं, काही नाही मिळणार. पण नाही केलं तर जे आहे ते जाईल.

आमच्या गावाची गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे आम्ही काय विचारलं ते कळेल. १९७० साली सिडको स्थापन झाली. मुंबईच्या गर्दीला पर्याय म्हणून खाडीच्या पलीकडे नवं शहर वसवायचं ठरलं. त्यासाठी ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या होत्या. योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे सगळं आमच्याकडे दर वर्षी जानेवारीत भाषणांत सांगतात. व्यासपीठावर पुरुष बसतात. बाया खाली बसतात.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते गल्लीतल्या एका आजीकडे. वय पंचाऐंशीच्या पुढे. म्हटलं, आजी, त्या आंदोलनात तुम्ही काय केलंत? आजी हसली. म्हणाली, ‘मी काय केला गो? भाकऱ्याच भाजल्या!’

आम्ही उठून निघणार होतो. तेवढ्यात मला उर्मिलाताईंचं पुस्तक आठवलं. मी परत बसले आणि विचारलं, आजी, किती भाकऱ्या भाजल्या? कुणाचं पीठ? कुणाच्या चुलीवर? मग जे सुरू झालं ते दोन तास. तांदळाचं पीठ दारोदार फिरून गोळा केलं होतं. तीन चुली मांडल्या होत्या. पुरुष पोलिसांना चुकवून रानात बसले होते, तर भाकऱ्या पाटीत खाली आणि वर सुकी मासळी ठेवून बाया बाजाराला निघाल्यासारख्या जायच्या. पोलिसांनी अडवलं तर मासळीचा वास पुढे करायच्या. आजीच्या मांडीवर तेव्हा तान्हं बाळ होतं, ते जावेकडे ठेवून ती गेली होती. संक्रांतीचे तीळगूळ डब्यात तसेच राहिले, हे तिला आठवत होतं. आम्ही तारीख पडताळली. गोळीबार १६ आणि १७ जानेवारीचा. संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांचा. आजीला तारीख सांगता आली नव्हती, पण तिच्या तीळगुळाने बरोबर सांगितली.

‘भाकऱ्याच भाजल्या’ म्हणे! त्या भाकऱ्या नसत्या तर पुरुष दुसऱ्या दिवशी परत आले असते.

मैत्रिणींनो, इथे मला संशोधनाचा पहिला धडा कळला. बाईला ‘तुम्ही काय केलंत’ असं विचारू नका. ती ‘काही नाही’च म्हणणार. आपण बायकांनी स्वतःच्या कामाला काम म्हणायचंच सोडलंय. तिला विचारा, त्या दिवशी सकाळी उठून काय केलंत? मग काय? मग?

असे आठ-दहा घरांत गेलो. वही भरत आली. आम्ही खूश होतो. आणि मग आमच्या गटातल्या सर्वांत धाकट्या मुलीने एक प्रश्न विचारला. ‘आपण सगळ्या जमीनवाल्यांच्याच घरी का जातोय?’

आम्ही गप्प झालो. खरं होतं. आमच्या शेतांवर लावणीला, कापणीला, मिठागरावर मीठ ओढायला कातकरी बाया यायच्या. जमीन गेली तेव्हा ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदला मिळाला, पुढे साडेबारा टक्के मिळाले. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांचं फक्त काम गेलं. उर्मिलाताईंनी विचारलं होतं की चळवळीच्या इतिहासात आमची बाई कुठे आहे. तोच प्रश्न आता आमच्या वहीला लागू पडत होता.

गावाबाहेरच्या वाडीवर राहणाऱ्या एका कातकरी मावशीकडे गेलो. ती पहिल्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाली, तुमच्या शेतात मी लहानपणापासून लावणी केली. पाणी प्यायचं झालं की ओंजळ करून उभं राहायचं, तुमच्या घरची बाई वरून ओतायची. आमचं भांडं वेगळं, नारळाची करवंटी, मागच्या कुडात खोचलेली असायची. आणि मग तिने ती ‘तुमच्या घरची बाई’ कोण, ते नाव सांगितलं. त्या माझ्या सासूबाई होत्या.

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. ज्या बाईची गाणी लिहून घेतली नाहीत म्हणून मी रडले होते, तीच ही. त्या रात्री बैठकीत वाद झाला. एक जण म्हणाली, हे लिहू नका, गेलेल्या माणसाबद्दल कशाला? दुसरी म्हणाली, आपल्याच गावाची बदनामी होईल. मी गप्प होते. मग उर्मिलाताईंचं दुसरं पुस्तक आठवलं.

ते पुस्तक म्हणजे ‘आयदान’, त्यांचं आत्मचरित्र. २००३ साली ग्रंथालीने काढलं. त्यात त्यांनी गावाने केलेला अन्याय लिहिलाय, तसंच स्वतःच्या समाजात, स्वतःच्या घरात बाईला काय सोसावं लागतं तेही लिहिलंय. शिकण्यावरून, बाहेर पडण्यावरून घरात झालेल्या कुरबुरी लिहिल्यात. बाहेरच्यांचं वाईट लिहायचं आणि घरचं झाकायचं, असं त्यांनी केलं नाही. आईचं टोपली विणणं आणि आपलं लिहिणं एकाच धाग्याचं आहे, असं त्या मानतात. टोपली विणताना एक काडी चांगली दिसत नाही म्हणून सोडली तर काय होईल? तिथे भोक पडेल आणि तांदूळ सांडेल. पुढे माया पंडित यांनी ‘आयदान’ इंग्रजीत नेलं, सुषमा देशपांडे यांनी त्याचं नाटक बसवलं.

मी बैठकीत म्हटलं, लिहा. माझ्या सासूबाईंचं लिहा. धवल्यांचंही लिहा आणि करवंटीचंही लिहा. दोन्ही त्यांचंच आहे. मावशीला विचारलं, तुझं नाव घालू का? ती म्हणाली, नाव नको, गोष्ट लिहा. म्हणून आज मीही नाव सांगत नाही.

त्या वहीने आम्हाला पैसे दिले नाहीत. पण एक बदल झाला. यंदा जानेवारीत गावच्या कार्यक्रमात त्या भाकऱ्यांच्या आजीला खुर्ची मिळाली, व्यासपीठावर. आणि आमच्या गटात आता वाडीवरच्या दोघी जणी सभासद आहेत. चहा एकाच किटलीतला, कप सगळ्यांचे सारखे. हे आधीच व्हायला हवं होतं, हे मला कळतं. पण ऐकल्याशिवाय ते झालं नाही.

आता तुमच्या गटाला असं काही करायचं असेल, तर आम्ही चुकत चुकत शिकलो ते सांगते.

एक. सुरुवात सर्वांत वयस्कर बाईपासून करा. पुढच्या दिवाळीला बघू, असं म्हणू नका.

दोन. परवानगी घ्या. मोबाइलवर आवाज भरायचा असेल तर आधी सांगा, मग बटण दाबा. हे लिहू का, नाव घालू का, असं विचारा. बाई नको म्हणाली तर नको. बोलता बोलता घरातलं काही दुःख बाहेर येतं. ते आपल्या वहीसाठी आलेलं नसतं, मन मोकळं करायला आलेलं असतं. आम्ही अशी दोन पानं त्या बाईच्या हातात परत दिली.

तीन. तारीख विचारू नका, खूण विचारा. थोरला मुलगा तेव्हा चालत होता का? बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? २६ जुलैच्या पावसाच्या वेळी घर पत्र्याचं होतं की स्लॅबचं? तारीख आपण मागून जुळवायची.

चार. एकच गोष्ट दोघी-तिघींना विचारा. आठवण फसवते. दोघींचं जुळलं नाही तर एकीला खोटी ठरवू नका, दोन्ही लिहा.

पाच. बाईला तिच्या जागी भेटा. पुरुषमाणूस शेजारी बसला की उत्तर तोच देतो. म्हणून तांदूळ निवडत, मासळी साफ करत, लसूण सोलत बोला. हात कामात असले की तोंड मोकळं होतं. हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. जात्यावर बसल्याशिवाय ओवी कुठे सुचायची? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या कोणत्या पंडिताने रचल्या नव्हत्या. पहाटे दळण दळणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या बायकांनी रचल्या होत्या. एक लाख! आपल्या गावातल्या किती त्यात असतील, आणि किती राहून गेल्या असतील?

सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. लिहून झालं की त्या बाईला वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर आलेलं ऐकताना तिचा चेहरा बघा. आमच्या आजीने सगळं ऐकलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘भाकऱ्या तीन चुलींवर नाय, चार चुलींवर भाजल्या. नीट लिव.’

आम्ही नीट लिहिलं.

आणि हो, स्वतःला एक प्रश्न विचारत राहा. अजून कोण राहिलं? कुणाच्या दारात आपण गेलो नाही? माझ्या मते उर्मिलाताई आणि मीनाक्षीताईंच्या कामाचं मर्म याच प्रश्नात आहे. त्यांच्याकडे गाडी नव्हती, कचेरी नव्हती, मोठा हुद्दा नव्हता. प्रश्न होता, आणि सुट्टीच्या दिवशी चपला घालून निघायची तयारी होती.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एवढंच करा. मुलाच्या जुन्या वहीत कोरी पानं राहिली असतील, ती फाडून शिवा. आईच्या, सासूच्या, नाहीतर शेजारच्या आजीच्या शेजारी बसा. त्या म्हणतील, मी काय केलं? तेव्हा उठू नका.

विचारा, किती भाकऱ्या? आणि कुणाच्या चुलीवर?

नमस्कार.